चंचुपात्र हजर आहे

मला ताण आला आहे ही गोष्ट नववीच्या वर्गाला माझ्याआधी कळली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. निरीक्षण करायला मीच त्यांना शिकवलं होतं.

त्या दिवशी पहिल्या तासाला मी वर्गात गेले, टेबलावरचा तपकिरी पुठ्ठा उघडला आणि हजेरी घ्यायला लागले. नववीत बेचाळीस मुलं आहेत. मी मान खाली घालून एकेक वाचत होते, मुलं 'हजर' म्हणत होती, मी पेन्सिलीने खूण करत होते. वर्ग नेहमीपेक्षा फारच शांत होता. याची मी मनात नोंद घेतली आणि त्याचं श्रेयही घेतलं. शेवटची खूण केली तेव्हा दारात मुख्याध्यापक उभे होते.

"बाई, काय चाललंय?"

"हजेरी, सर."

"शेवटचं नाव काय वाचलंत?"

मी कागदावर पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'बेचाळीस. मानवी सांगाडा, प्लास्टिकचा, एक. उजवा हात नाही.'

आणि मागच्या बाकावरची बेचाळीस नंबरची मुलगी उभं राहून अतिशय अदबीने 'हजर, बाई' म्हणून खाली बसली होती.

आमच्या शाळेत हजेरीपटाला आणि बाकी प्रत्येक फाइलला एकच तपकिरी पुठ्ठा असतो. मी प्रयोगशाळेतल्या साहित्याची यादी वाचली होती. क्रमांक एक, चंचुपात्र. क्रमांक दोन, शंकुपात्र. असं करत थेट सांगाड्यापर्यंत. वस्तू बेचाळीस आणि मुलंही बेचाळीस, हा निव्वळ योगायोग. एक वस्तू जरी कमी असती तरी माझ्या ध्यानात आलं असतं, असं मी आजही म्हणते. घरात कुणी ते मान्य करत नाही.

सरांनी मला व्हरांड्यात नेलं. "तुम्ही आधी डॉक्टरांकडे जा. तिथून घरी."

"सर, माझा पुढचा तास आहे."

"पुढच्या तासाला कुणाला शिकवणार? चिमट्याला की तिपाईला?"

सर विनोद करत नाहीत. बारा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला पटलं. मी तपकिरी पुठ्ठा पिशवीत टाकला आणि निघाले. तो पुठ्ठा मी सोबत आणायला नको होता, पण ते पुढे कळेल.

आता ताण कशाचा, तर कशाचाही नाही. मी नोकरी बदलत होते, इतकंच. घराजवळच्या एका शाळेत मला जागा मिळाली होती. तिथल्या प्रयोगशाळेला दोन खिडक्या आहेत. आमच्या प्रयोगशाळेला एकही नाही. महिनाभर आधी राजीनामा दिला होता. त्या महिन्यात जुन्या शाळेचे पेपर तपासायचे, नव्या शाळेसाठी दाखले जमवायचे, नमुना पाठ द्यायचा आणि प्रयोगशाळेचा ताबा सोडण्यासाठी प्रत्येक वस्तू मोजून यादी करायची, एवढंच काम होतं. ती मोजणी मी तीन दुपारी केली. यादीवर माझी सही झाली, सरांची सही झाली, आता तिच्या दोन स्वच्छ प्रती करून कचेरीत द्यायच्या राहिल्या होत्या. या सगळ्यात मला शेवटचं नीट कधी झोपल्याचं आठवत नव्हतं, पण ते मी निरीक्षण म्हणून सांगते, तक्रार म्हणून नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी मोजली. शहाण्णव. मग विचारलं, "शाळेत काही विशेष घडलं का?"

मी सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी पंधरा दिवसांची रजा लिहून दिली.

"दिवसातून तीनदा नाडी मोजा. ताण किती वाटतो ते शून्य ते दहामध्ये लिहा आणि कारण लिहा. शाळेचा एकही कागद वाचायचा नाही. आणि रोज अर्धा तास असं काहीतरी करायचं, ज्याचा कशालाही काही उपयोग नाही."

"उदाहरणार्थ?"

"ते मी सांगितलं तर तो गृहपाठ होईल."

रजेचा अर्ज द्यायला मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या कचेरीत गेले. तिथले कारकून सज्जन आहेत. कागद अपुरा असेल तर त्यांना मनापासून वाईट वाटतं आणि ते मनापासून परत करतात.

"आजाराचं नाव?"

"ताण."

"कुठे दुखतंय?"

"दुखत नाही."

"बाई, डॉक्टरांच्या कागदावर काहीही चालतं. माझ्या अर्जात शरीराचा भाग लागतो. हा बघा रकाना. पाठ, पोट, पाय, काहीतरी सांगा."

मी प्रामाणिकपणे विचार केला आणि डोकं म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "डोकं नका लिहू. हा अर्ज तुमच्या कागदपत्रांबरोबर नव्या शाळेत जाणार. तिथे काय वाटेल? मान लिहितो. मान डोक्याच्या जवळच असते."

मी हरकत घेईपर्यंत त्यांनी लिहून टाकलं होतं. अशा रीतीने मी पंधरा दिवस मानेच्या आजाराने रजेवर गेले. त्यानंतर भाजी आणायला गेले की एखादे पालक हटकून भेटायचे आणि माझ्या मानेकडे बघायचे. मी खोटं बोलले नाही. मी फक्त वळत नव्हते. एकदा एका पालकबाईंशी बोलताना मला पाठीमागचे टोमॅटो घ्यायचे होते, तेव्हा मी संपूर्ण वळले, ग्रह वळतो तशी. त्या म्हणाल्या, "फारच त्रास दिसतोय हो. आणि बाई, एक विचारू? आमच्या मुलीला वर्गात सगळे नरसाळं म्हणतात. याचा काही अर्थ आहे का?"

मी म्हणाले, "विज्ञानाची गोडी लागली असेल." माझा ताण त्या वेळी सात होता.

घरी सासूबाईंनी माझ्या विश्रांतीची सूत्रं हातात घेतली. त्या सकाळपासून दर तासाने येऊन विचारायच्या, "अगं, पडली आहेस ना? पड. काही करू नकोस. फक्त ती चादर तेवढी बदल म्हणजे तुला नीट पडता येईल." नवरा पाणीपुरवठा खात्यात आहे. तो सगळ्या जगाकडे जलवाहिनी म्हणून पाहतो. "दाब वाढला की कुठेतरी झडप उघडावी लागते," तो म्हणाला. "तू रड थोडं." मला रडू येत नव्हतं. तो दोन दिवस अपेक्षेने बघत होता.

वरच्या मजल्यावरच्या काकू रोज चार वाजता माझा ताण कमी करायला यायच्या. त्यांच्या चुलत जावेला असाच ताण होता. तिचे केस गेले, मग झोप गेली, मग नोकरी गेली. "पण तू अजिबात काळजी करू नकोस," असं प्रत्येक टप्प्यानंतर म्हणायच्या.

मी नाडीचा आलेख काढला होता. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर ठोके. आठवड्याभरात एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली. सासूबाईंनी 'पड' म्हटलं की नऊ ठोके वाढत. काकू आल्या की चौदा. आणि नवरा 'शांत हो' म्हणाला की सतरा. मी हे त्याला दाखवलं. तो म्हणाला, "तू हे सगळं मोजतेस म्हणून ताण येतो. शांत हो." मी लगेच नाडी मोजली. वाढ सतराच निघाली. प्रयोग पुन्हा केला तरी निष्कर्ष तोच येणं याला विज्ञानात फार महत्त्व आहे. ते त्याला समजावून सांगण्यात त्या संध्याकाळी माझं खूप मन रमलं.

खरी काळजी आणली ती तळमजल्यावरच्या काकांनी. ते एका सरकारी कचेरीचे अधीक्षक होते आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नियम त्यांच्यातून निवृत्त झालेले नाहीत. आम्ही त्यांना नियमकाका म्हणतो. ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, "वहिनी, रजा केव्हा संपते?"

"शुक्रवारी रजा संपते, शनिवारी जुनी नोकरी संपते, सोमवारी नवी सुरू होते."

"म्हणजे शनिवार एकच दिवस." त्यांनी डोळे मिटले. नियम आठवताना ते डोळे मिटतात. "रजेवरच्या माणसाला कार्यमुक्त करता येत नाही. आधी रुजू व्हावं लागतं. रुजू व्हायला तंदुरुस्तीचा दाखला हवा. दाखला नाही तर रुजू नाही, रुजू नाही तर मुक्ती नाही, आणि मुक्तीचं पत्र नाही तर सोमवारी नवी शाळा तुम्हाला घेणार नाही. नेमणुकीच्या पत्रात तळाला लिहिलेलं असेल बघा, दिलेल्या तारखेला हजर न झाल्यास नेमणूक रद्द."

मी पाहिलं. तळाला, बारीक अक्षरात, अगदी तसंच लिहिलं होतं. जुनी जागा मी सोडलेली, नवी मिळालेली नाही, आणि मध्ये माझी नाडी. डॉक्टरीणबाईंची अट होती की शेवटचे तीन दिवस नाडी ऐंशीच्या खाली हवी. ती आणायचा मी जितका प्रयत्न करी, तितकी ती वर जाई. माझ्या आयुष्यात प्रयत्नाने गुण कमी होण्याची ही पहिलीच वेळ होती.

शेवटी मी निरुपयोगी काम मनावर घेतलं. यात मी मुळात कच्ची आहे. पहिल्या दिवशी ढग बघत बसले तर त्यांचे प्रकार लिहून काढले. दुसऱ्या दिवशी गाणं म्हटलं तर सासूबाई धावत आल्या. मग मला कागदी विमानं सुचली. विमानाचा कशालाही उपयोग नसतो. मात्र कागद बरा हवा. फार पातळ असेल तर नाक वळतं, फार जाड असेल तर घडी बसत नाही.

"आई, एका बाजूने कोरे कागद आहेत का कुठे?"

सासूबाईंनी कपाटातून एक गठ्ठा काढून दिला. "हे घे, अकरा आहेत. पुठ्ठा मी डब्यांच्या खाली घातला."

कागद अगदी हवा तसा होता. मागच्या बाजूला शाळेचं काहीतरी लिहिलेलं दिसलं, म्हणून डॉक्टरीणबाईंच्या आज्ञेनुसार मी ती बाजू न वाचता आत दुमडली. या आज्ञाधारकपणाचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

पण ते तीन दिवस सुखाचे गेले, हे कबूल करायला हवं. मी गच्चीवरून विमानं सोडत होते, खाली जाऊन अंतर मोजत होते, पंखांचा कोन बदलत होते. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग खुर्ची आणून बसल्या, मग म्हणाल्या, "तिसऱ्याचं शेपूट थोडं वर कर." शेपूट वर केलं तर विमान चार मीटर जास्त गेलं. त्यानंतर आम्ही दोघींनी बरोबर काम केलं. बारा वर्षांत स्वयंपाकघरात जे साधलं नव्हतं ते गच्चीवर साधलं. काकू चार वाजता आल्या, तर सासूबाईंनी त्यांच्या हातात फीत दिली आणि खाली अंतर मोजायला पाठवलं. नाडी चौऱ्याहत्तर.

बुधवारी संध्याकाळी कारकून फाटकातून आत आले. ते बिचारे शनिवारी लागणाऱ्या कागदांची यादी स्वतः द्यायला आले होते. वाऱ्याचा एक झोत आला आणि पाचव्या क्रमांकाचं विमान त्यांच्या छातीवर जाऊन थांबलं. त्यांनी ते उचललं, उलगडलं आणि चष्मा वर करून वाचलं.

"क्रमांक एकोणीस," ते मोठ्याने म्हणाले. "तिपाई, लोखंडी, सहा. एकीचा पाय वाकडा." मग वर माझ्याकडे पाहिलं. "बाई, यावर सरांची सही आहे."

 मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "हेच सगळ्यात लांब जात होतं."

नाडी एकशे अठरा. ताण दहा. ताणाचं माप दहापर्यंतच असतं म्हणून दहा.

सगळी इमारत विमानं शोधायला लागली. नियमकाका बॅटरी घेऊन झुडपात शिरले. काकूंना त्यांच्याच कुंडीखाली एक सापडलं. ते त्यांनी दोन दिवसांपूर्वी पाणी टिपायला घातलं होतं. एक पन्हाळीत लगदा होऊन बसलं होतं. नवरा शिडी घेऊन चढला आणि दोन विमानं काढली, शिवाय आमचा हरवलेला एक मोजा. एकंदर सात पानं वाचण्याजोगी निघाली. चार गेली. त्या चार पानांवर सोळा वस्तू होत्या.

"सात पानं चालतील का?" मी कारकुनांना विचारलं.

ते दुःखी झाले. "घडी पडलेलं पान चालतं. पण अकरा म्हणजे अकरा. शनिवारी नवी यादी करा, सर सही करतील, मी पत्र देतो. मात्र बारा वाजता मी कपाट बंद करतो. शनिवारी अर्धा दिवस."

मोजणीला मला तीन दुपारी लागल्या होत्या. आता माझ्याकडे एक सकाळ होती, तीसुद्धा तंदुरुस्तीचा दाखला मिळाला तर.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी नवऱ्याने आलेख पाहिला. सगळीकडे उतरती रेघ आणि बुधवारी एकदम शिखर. "हा एक बिंदू गाळ ना," तो म्हणाला. "एका बिंदूने काय होतं?"

"आलेखातला बिंदू गाळायचा नसतो."

"नोकरी जाईल."

"माहीत आहे."

नियमकाकांचंही तेच मत होतं. ते म्हणाले, "वहिनी, नव्या शाळेच्या फॉर्ममध्ये मागच्या आजारपणाचा रकाना असेल. तिथेही 'मान' लिहून मोकळ्या व्हा. कोण बघतंय?" मला दोघांचा राग आला नाही. दोघंही माझ्यासाठीच सांगत होते. पण चौदा वर्षांच्या मुलांना मी बारा वर्षं सांगत आले होते की उत्तर चुकलं तरी चालेल, निरीक्षण बदलू नका. तो बिंदू मी लाल शाईने गडद केला.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी आलेख टेबलावर पसरला. 'का. आ.' म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, काकू आल्या. 'न. शां.' म्हणजे? नवरा, शांत हो. मग त्यांचं बोट लाल शिखरावर थांबलं.

"हे काय?"

मी विमानांची हकिगत सांगितली. त्यांनी विचारलं, "त्या रात्री झोपलात किती?"

"नऊ तास. शोधून शोधून दमले होते."

"आणि विमान सगळ्यात लांब किती गेलं?"

"एकवीस मीटर चाळीस सेंटिमीटर. पण वारा मागून होता, म्हणून ते धरलेलं नाही."

त्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग वळून त्यांनी दाखला लिहिला. "नोकरी जायची वेळ आली तर माणसाची नाडी वाढायलाच हवी. वाढली नसती तर मी तुम्हाला आणखी पंधरा दिवस दिले असते." दाखल्यात शेवटी त्यांनी एक ओळ जास्त लिहिली : 'मान उत्तम आहे. डोकंही.'

शनिवारी आठ वाजता मी रुजू झाले. कारकुनांनी दाखला दोनदा वाचला, 'मान' या शब्दाखाली रेघ मारली आणि समाधानाने फाइलला लावला. त्यात अर्धा तास गेला. मी घडी पडलेली सात पानं घेऊन प्रयोगशाळेत गेले. चार कपाटं, बिनखिडकीची खोली, आणि घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटं. पहिलं कपाट उघडून चंचुपात्रं मोजली. अकरा. यादीत बारा. पुन्हा मोजली. दहा. खाली वाकून तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा नऊ वाजले होते आणि नववीचा विज्ञानाचा तास सुरू झाला होता. बदलीचं कुणी आलेलं नव्हतं. वर्ग आपणहून प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, मान बरी आहे का?"

"बरी आहे. तुम्ही वर्गात बसा. मला हे सगळं बाराच्या आत मोजायचं आहे. यादीची चार पानं हरवली आहेत आणि त्यावर काय होतं ते मला आठवत नाही."

मागून बेचाळीस नंबरची मुलगी पुढे आली. "बाई, मग हजेरी घ्या ना."

"आत्ता हजेरी कशाला?"

"आमची नाही. त्या दिवशी घेतली होती तशी."

मी तिच्याकडे पाहिलं. ती लाजली. "आम्हाला आपापलं पाठ आहे. मी सांगाडा. हा तिपाई. ती नरसाळं. पंधरा दिवस आम्ही एकमेकांना त्याच नावाने हाक मारतोय."

मी त्यांना रागवायला हवं होतं, असं मला नंतर वाटलं. त्या वेळी मी फक्त म्हणाले, "आपापली वस्तू कपाटातून काढा. धावायचं नाही. काच दोन्ही हातांनी."

वीस मिनिटांत प्रत्येक मूल आपल्या वस्तूजवळ उभं होतं. मी कोरा कागद घेतला. "एक. चंचुपात्र. बारा."

"हजर, बाई. अकरा आहेत. बारावं फुटलंय, तुकडे इथे डब्यात आहेत."

"दोन. शंकुपात्र."

"हजर. आठ. सगळी धडधाकट."

सात पानं होती तिथे मी वाचत होते. जिथे पान नव्हतं तिथे मी नुसता आकडा म्हणत होते आणि वर्गातून उत्तर येत होतं. "तेवीस?" "मी, बाई. दोलक, चार, एकाचा दोरा तुटलाय." "चोवीस?" "नालाकृती चुंबक, हजर, पण याला कुणी लोखंडाची पूड चिकटवलीय, ती मी नाही." काही जण आपल्या वस्तूची बाजू घेऊन भांडत होते. तराजूवाल्या मुलाचं म्हणणं होतं की मी 'जुना' लिहू नये, 'अनुभवी' लिहावं. मी 'जुना, चालू' लिहिलं. ते त्याला मान्य झालं.

मध्येच केव्हातरी सर येऊन दारात उभे राहिले. त्यांना पाहून वर्ग गप्प झाला. मी थांबले नाही. माझ्याकडे थांबायला वेळ नव्हता.

"एकतीस."

कुणीच बोललं नाही.

"एकतीस?"

"बाई, एकतीस तापमापी आहे," चिमटा म्हणाला. "ती आजारी आहे. रजेवर."

"अर्ज दिलाय," नरसाळं म्हणाली.

तापमाप्यांचा डबा टेबलावर एकटाच होता. यादीचा नियम असा की प्रत्येक वस्तू कुणीतरी हातात घेऊन मोजून दाखवायची. मी पुढे होणार इतक्यात सर आत आले. त्यांनी डबा उचलला, चष्मा सावरून एकेक तापमापी बाजूला काढली आणि दिव्याखाली धरून पारा पाहिला. सगळं झाल्यावर ते ताठ उभे राहिले, मुलं उभी होती तसेच.

"हजर," सर म्हणाले. "नऊ आहेत. चालू."

आणि ते हसले. मी बारा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. वर्गानेही पाहिलं, पण निरीक्षणाचं शिक्षण चांगलं झाल्यामुळे कुणी आवाज केला नाही.

सांगाड्याची खूण झाली तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. सरांनी सही केली. कारकुनांनी पानं मोजली, त्यांना तपकिरी पुठ्ठा घातला आणि कपाट बंद करण्याआधी नऊ मिनिटं कार्यमुक्तीचं पत्र माझ्या हातात ठेवलं. मी व्हरांड्यात थांबून नाडी मोजली, कारण दुपारची नोंद राहिली होती.

सोमवारी साडेसातला मी नव्या शाळेत हजर झाले. आजारपणाच्या रकान्यात मी 'ताण' लिहिलं आणि आलेख जोडला. तिथल्या मुख्याध्यापिका गणिताच्या आहेत. त्यांनी आलेख बराच वेळ वाचला, कारणांचे रकाने बोट फिरवत वाचले, आणि शेवटच्या बिंदूवर थांबल्या.

"इथे चूक दिसते. शनिवार, नाडी एकशे चार, ताण शून्य. हे कसं शक्य आहे?"

"मीही पुन्हा मोजली होती," मी म्हणाले. "एकशे सहा आली. कारण पुढे लिहिलं आहे."

त्यांनी वाचलं. त्या रकान्यात दोनच शब्द होते : सगळे हजर.

 त्यांनी टेबलावरून एक तपकिरी पुठ्ठा उचलून माझ्यापुढे सरकवला. इथेही तपकिरीच होता. "दहावीचा वर्ग आहे. आधी हजेरी घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या सरांचा काल फोन आला होता, म्हणून सांगते. उघडून बघा, हजेरीपटच आहे ना?"

मी उघडून पाहिलं. मग मागचं पानही पाहिलं. हजेरीपटच होता.